शेपूटछेद, मेंढीतील

शेपूटछेद, मेंढीतील : मेंढीच्या शेपटीचा मृत, चिरडलेला किंवा अळ्यांनी पोखरलेला भाग शस्त्रक्रियेने काढणे. याच शब्दाने निरोगी कोकराची शेपूट जन्मानंतर काही दिवसांत आखूड करण्याची रीतही ओळखली जाते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व ब्रिटनमध्ये ती रूढ आहे. नाशिक जिल्ह्यातील कळपांत अशी सरसकट रीत नाही. येथील दख्खनी मेंढीची शेपूट मुळातच आखूड व बारीक असते आणि लोकरही विरळ असते. त्यामुळे शेण-मूत साचून माश्या बसणे, हे त्या देशांत दिले जाणारे मुख्य कारण येथे फारसे लागू पडत नाही. प्रस्तुत नोंद नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात, उपचारासाठी केलेल्या छेदापुरती आहे.

मेंढीच्या शेपटीत साधारणपणे 16 ते 18 मणके असतात. जातीनुसार ही संख्या 3 पासून 24 पर्यंत आढळते. मुख्य रोहिणी (शुद्ध रक्त नेणारी वाहिनी) शेपटीच्या खालच्या बाजूने, मधोमध जाते. शेपटी उचलणाऱ्या स्नायूंचा संबंध गुदद्वार व योनिमुखाच्या आधाराशी असल्याने छेद किती वर घ्यावा, हा प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही. शेपूट फार आखूड ठेवली तर पुढे गुदभ्रंश, म्हणजे अंग बाहेर येणे, वाढते असे मत अमेरिकेतील कोकरांच्या पाहणीवरून मांडले गेले. आहार व खोकला हीच खरी कारणे आहेत, असे दुसरे मत आहे. पहिल्या मताला अधिक आधार आहे. निदान योनिमुख व गुदद्वार झाकले जाईल एवढी शेपूट राखावी, याबद्दल बहुतेक तज्ज्ञांचे एकमत दिसते.

शेपूट कापण्याचा उगम वादग्रस्त आहे. एका मताने ही चाल जाड शेपटीच्या मेंढ्यांपासून सुरू झाली, कारण चरबीच्या भारी शेपटीमुळे मेंढ्याला मिलन अवघड जाई. दुसऱ्या मताने तिचे मूळ लांब लोकरीच्या जातींच्या स्वच्छतेत आहे. जाड शेपटीच्या मेंढीचे सर्वांत जुने चित्रण मेसोपोटेमियातील, बहुधा इ. स. पू. 3000 च्या आसपासचे मानतात. इ. स. पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने अरबस्तानातील मेंढ्यांचे वर्णन करताना लिहिले आहे की त्यांच्या लांब शेपट्या जमिनीवर घासून जखमी होऊ नयेत म्हणून मेंढपाळ त्यांच्याखाली लहान गाडे बांधत. या मजकुरात कापण्याचा उल्लेख नाही, उलट शेपूट जपण्याची खटपट दिसते. म्हणून पहिल्या मताच्या बाजूने त्याचा दाखला देणे सयुक्तिक वाटत नाही. दख्खनमध्ये उगमाचा हा प्रश्न हाडांवरून सुटण्यासारखा नाही. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन स्थळांत शेळ्या-मेंढ्यांची हाडे मिळतात, परंतु या दोन प्राण्यांची हाडे वेगळी ओळखणे अवघड असते आणि शेपटीचे बारीक मणके क्वचितच टिकतात. प्राचीन भारतीय पशुवैद्यकाचा भर घोडा व हत्ती यांवर आहे. सुश्रुतसंहितेतील आठ शस्त्रकर्मांपैकी छेद्य (कापणे) व सीव्य (शिवणे) ही दोन या शस्त्रक्रियेत तत्त्वतः येतात, पण तो ग्रंथ माणसांसाठीचा आहे. त्याच्या काळाबद्दलही इ. स. पू. सहावे शतक ते इसवी सनाची पहिली काही शतके इतका मतभेद आहे.

सिन्नर, येवला, चांदवड, नांदगाव, मालेगाव हा जिल्ह्याचा पूर्वेकडील कमी पावसाचा भाग मेंढपाळांचा आहे. पावसाळा सरला की धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी बिऱ्हाडे, चाऱ्यासाठी बाहेर पडतात, काही घाट उतरून कोकणात जातात. शेतकरी खतासाठी रात्री मेंढरे रानात बसवून घेतात. शेपटीला इजा याच फिरस्तीत होते : कुत्र्या-लांडग्याचा चावा, रस्त्यावरील वाहनाचा धक्का, तारेचे कुंपण, गर्दीत पडलेला पाय, लोकर कातरताना लागलेली कातर. पळणारी मेंढी शेपटीला धरून थांबवल्यास आतल्या मज्जातंतूंना ताण बसतो. मग शेपूट लुळी पडते, कधी लेंडी व लघवीही अडकते. अशा वेळी शेपूट कापून काहीच साधत नाही.

जखम लहान असली तरी दमट दिवसांत ती लहान राहत नाही. क्रायसोमिया बेझियाना ही माशी जखमेच्या कडेला एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. 12 ते 24 तासांत अळ्या निघतात आणि सहा-सात दिवस जिवंत मांस खातात. टर्पेंटाइनचा बोळा ठेवून अळ्या बाहेर काढणे हा सर्वत्र चालणारा उपाय. त्यानंतर त्या एकेक वेचून जखम धुणे आवश्यक असते, आणि नेमके हेच काम घाईत राहून जाते. यामुळे गमावलेल्या कितीतरी शेपट्या वाचवता आल्या असत्या.

छेदाचा निर्णय घाईने घेऊ नये. शेपूट थंड पडली, सुई टोचल्यावर मेंढीने प्रतिसाद दिला नाही आणि जिवंत व मृत भागांत सीमारेषा उमटली, म्हणजे छेदाची जागा ठरते. लोकर कातरून व त्वचा जंतुनाशकाने धुऊन शेपटीच्या मुळाशी, त्रिकास्थी (कमरेमागचे त्रिकोणी हाड) व शेपटीचा पहिला मणका किंवा पहिला व दुसरा मणका यांच्या फटीत लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची एपिड्युरल, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत दिलेली, भूल देतात. शेपूट वर-खाली हलवली की ही फट बोटाला लागते. औषध जास्त गेल्यास मागचे पाय लुळे पडतात. दख्खनी मेंढी लहान चणीची असल्याने मात्रा वजनावरूनच काढावी. गुंगीसाठी झायलाझिन वापरताना विशेष जपावे लागते, कारण मेंढीत त्याने फुप्फुसात पाणी भरू शकते. मुळाशी रबरी बंध बांधून त्वचा अंगाकडे सरकवतात आणि वर-खाली माशाच्या जबड्यासारखे दोन पदर राहतील असा छेद घेतात. हाड मधून कापत नाहीत, दोन मणक्यांच्या सांध्यातून सोडवतात. रोहिणी बांधून, बंध सैल करून रक्त थांबल्याची खात्री झाल्यावरच पदर शिवतात. टाके 10 ते 14 दिवसांनी काढतात. पू किंवा अळ्या झालेली जखम मात्र शिवू नये, ती उघडी ठेवून तळापासून भरू द्यावी.

कुत्र्याचा चावा असल्यास जखम 15 मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, टाके लांबणीवर टाकावेत आणि रेबीजची लस लगेच सुरू करावी. चावलेली जागा हाताळणाऱ्या मेंढपाळानेही डॉक्टरांना दाखवावे. धनुर्वाताचा धोका प्रत्येक छेदात असतो. रबरी कडे घालून शेपूट गाळण्याच्या पद्धतीत तो अधिक.

वेदनाशामकाची निवड नाशिकमध्ये विशेष महत्त्वाची आहे. त्र्यंबकेश्वरजवळील अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची वस्ती आहे आणि डायक्लोफिनॅक दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस गिधाडांना मारक ठरते. जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली, 2023 मध्ये किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅकवरही आली. मेलॉक्सिकॅम सुरक्षित मानले जाते व मेंढीला तेच द्यावे.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 मध्ये शिंगे काढणे, खच्चीकरण, डागणे व वेसण घालणे यांना विहित पद्धतीने केल्यास सूट आहे. शेपूट कापण्याचा त्या यादीत उल्लेख नाही. उपचारासाठी केलेला छेद क्रूरता ठरत नाही, परंतु निरोगी शेपूट सवयीने कापण्याला या कलमाचा आधार घेता येईल असे वाटत नाही. शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावी. वाडा रानात असल्यास 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाला बोलावता येते.