दर्याचा सातबारा

वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या ज्या वाटेने दर्यात जातात, त्या वाटेवर मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचे खांब येणार होते. दोन खांबांमधलं अंतर ठरलं होतं 60 मीटर. कागदावर हे भरपूर दिसतं. पण होडीला ब्रेक नसतो. वारा आणि पाण्याचा ओढ तिला बाजूला रेटतो, आणि त्या सरकण्यालाही जागा लागते. मच्छीमारांनी कडाडून विरोध केला, बोलणी लांबली, आणि 2022 च्या डिसेंबरात एक खांब वगळून अंतर 120 मीटर करायचं ठरलं.

दर्याचा कुठला भाग कुणी, कशासाठी वापरायचा याचा नकाशा आखायचा आणि ही बोलणी तेव्हाच उरकायची, यालाच सागरी क्षेत्र नियोजन म्हणतात. काम किचकट आहे. एकाच ठिकाणी तळाला केबल, मधल्या पाण्यात मासे आणि वर जहाज असतं. शिवाय ऋतू बदलला की वापरही बदलतो. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तीही एक वाटणीच, वेळेची.

बेल्जियमचा किनारा जेमतेम 65 किलोमीटर, वाट्याचा समुद्र सुमारे 3,450 चौरस किलोमीटर. त्यात जहाजांची वर्दळ, पवनचक्क्या, बांधकामासाठी वाळूउपसा, नौदलाचा सराव आणि मासेमारी. 2014 मध्ये त्यांनी कायद्याने बंधनकारक आराखडा केला, 2020 पासून दुसरा लागू झाला. पवनचक्क्यांच्या पट्ट्यात मात्र मासेमारीला बंदी आहे. वीज स्वच्छ मिळते, पण तेवढं पाणी मच्छीमाराच्या हातून जातं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

भारतात नॉर्वेच्या सहकार्याने पुदुच्चेरी आणि लक्षद्वीपमध्ये असा प्रयोग सुरू झाला. तो कोकणात येईल तेव्हा मला काळजी डोलीची वाटते. बोंबील, जवळा पकडणारं हे पिशवीसारखं जाळं भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड करून एका जागी बांधलेलं असतं. कुणाची डोल कुठे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पण दर्याला सातबारा नाही. साध्या नकाशावर तिथे नुसता निळा रंग दिसतो.

नाखवा ती जागा किनाऱ्यावरचं देऊळ आणि मागचा डोंगर एका रेषेत धरून ओळखतो. त्याच्या होडीत जीपीएस घेऊन बसायचं आणि एकेक डोल टिपून घ्यायची, हे काम पहिल्या खांबाची निविदा निघण्याआधी व्हायला हवं.