आरव्ही सावरली, मोटरहोम मागेच राहिली

अमेरिकेतल्या आरव्ही (रिक्रिएशनल व्हेइकल, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी) उद्योगाच्या बातम्या वाचताना मोटरहोम आणि ट्रेलर यांची हमखास गल्लत होते. दोन्ही चाकांवरची घरं, दोन्हीत ओटा, पलंग, संडास, आणि उद्योगाच्या आकडेवारीत दोन्ही 'आरव्ही' याच नावाखाली. फरक एवढाच की मोटरहोमला स्वतःचं इंजिन असतं आणि ट्रेलर पिकअपच्या मागून ओढावा लागतो. पण '२००८ च्या मंदीतून उद्योग सावरला' म्हणताना नेमकं कोण सावरलं, हे या फरकावरच ठरतं.

साधा ट्रेलर वीस-तीस हजार डॉलरांत मिळू शकतो. तो घेतं पगारदार कुटुंब. पिकअप बहुतेक वेळा दारात आधीच उभा असतो. मागे डिझेल इंजिन असलेली बसएवढी मोटरहोम मात्र लाखांत जाते, आणि तिचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त जोडपी. ती ट्रेलरला का कंटाळतात हे तो जोडताना पाहिलं की कळतं. पिकअप मागे घेत हिचचा (ट्रेलर अडकवायच्या जोडणीचा) बॉल ट्रेलरच्या तोंडाखाली आणायचा, त्यासाठी एकाने मागे उभं राहून हातवारे करायचे, मग जॅक फिरवून तोंड खाली बसवायचं, साखळ्या फुलीसारख्या अडकवायच्या, दिव्यांची आणि ब्रेकची वायर जोडायची. सत्तरीत, भर पावसात, हे कोण करणार? मोठ्या मोटरहोममध्ये बटण दाबलं की जॅक खाली येऊन गाडी समतल होते. अर्थात इंजिन बिघडलं तर घरही गॅरेजात जातं.

२००८ च्या मंदीने दोघांनाही झोडपलं. २००६ मध्ये कारखान्यांतून सुमारे ३ लाख ९० हजार आरव्ही बाहेर पडल्या होत्या, २००९ मध्ये जेमतेम १ लाख ६६ हजार. त्यातल्या मोटरहोम फक्त १३ हजारांच्या आसपास. २००४ मध्ये त्या ७१ हजारांवर होत्या! फ्लीटवूड आणि मोनॅको या नावाजलेल्या कंपन्या मार्च २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या. या धंद्याची राजधानी म्हणजे इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट. तिथली बेकारी त्या काळात वीस टक्क्यांना टेकली होती. फेब्रुवारीत ओबामा तिथे जाऊन आले ते उगाच नाही.

सावरण्याची वाट मात्र दोघांची वेगळी निघाली. मोटरहोमचा पैसा बऱ्याचदा राहतं घर विकून किंवा निवृत्तीसाठी शेअर बाजारात साठवलेल्या पुंजीतून येतो, आणि नेमक्या याच दोन गोष्टी कोसळल्या होत्या. त्यात व्याजदर शून्याजवळ आले. पगारदाराला स्वस्त कर्ज मिळालं, तो ट्रेलर घेऊन मोकळा झाला. ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्याचं उत्पन्न मात्र आटलं. बँकेतल्या एफडीवर घर चालवणाऱ्या आपल्याकडच्या आजी-आजोबांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९४६ पासून जन्मलेली मोठी पिढी २०११ पासून पासष्टीत येऊ लागली, तरी मोटरहोमची झेप काही आली नाही. नुसतं वय असून भागत नाही, घराला भावही यावा लागतो.

२०१७ मध्ये आरव्हींनी पाच लाखांचा टप्पा ओलांडला, तेव्हाचा हा उच्चांक. मोटरहोम तेव्हाही ६२-६३ हजारांवरच, म्हणजे २००४ च्या खालीच.

आणखी एक सावधगिरी. हे आकडे कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्यांचे आहेत, गिऱ्हाइकाने नेलेल्या नव्हे. मंदीत डीलरांना माल भरायला कर्जच मिळेना, त्यांनी आवारं रिकामी केली. २०१० ची मोठी उसळी काही अंशी ती आवारं पुन्हा भरण्याची होती. कोविडनंतर हेच उलट झालं. २०२१ मध्ये सहा लाख आरव्ही निघाल्या, आवारं तुंबली आणि २०२३ मध्ये आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली आला. २०२४ मध्ये एकूण आकडा पुन्हा थोडा चढला. त्यात ट्रेलर वाढले, मोटरहोम मात्र आणखी घटल्या.