एन३०० आणि एन्जॉय: बिल्ला एकच, गाड्या वेगळ्या

इजिप्त, पेरू किंवा कोलंबियातल्या रस्त्यांच्या व्हिडिओत शेवरोलेचा सोनेरी बिल्ला लावलेली एक छोटी व्हॅन दिसते. आपल्याकडचे लोक ती पाहून लगेच ‘ही तर एन्जॉय!’ म्हणतात. ती एन्जॉय नाही, एन३०० आहे. दोन्हींचं माहेर मात्र एकच: चीनमधल्या लिऊचौ शहरातली सैक-जीएम-वूलिंग कंपनी (यातलं जीएम म्हणजे शेवरोलेची मालक जनरल मोटर्स). त्यात चिनी नावंही रोंगग्वांग आणि होंगग्वांग, मग घोटाळा व्हायचाच.

इंजिन कुठे बसवलंय ते आधी पाहा. एन३०० म्हणजे रोंगग्वांग. तिचं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन पुढच्या सीटखाली असतं, आपल्या ओम्नीसारखं. त्यामुळे नाक आखूड आणि गाडीच्या लांबीच्या मानाने मागे जागा भरपूर. मधली दारं सरकती. अरुंद गल्लीत भिंतीला खेटून उभी केली तरी पोती-खोकी उतरवता येतात. तिची निव्वळ मालवाहू आवृत्तीही निघाली, ती यामुळेच. त्रास चालवणाऱ्याला: धग आणि घरघर थेट बुडाखालून येते, आणि इंजिनाला हात घालायचा तर आधी सीट उचलायची.

होंगग्वांग २०१० मध्ये आली. इंजिन पुढे बॉनेटखाली, मागची दारं साध्या मोटारीसारखी बिजागरीची. एरवी माल वाहायचा आणि सणाला त्याच गाडीतून अख्खं कुटुंब गावी न्यायचं, अशा घरांना ती सोयीची. माझ्या मते वूलिंगची खरी हुशारी इथे दिसते, कारण ओझ्याच्या गाडीला शोभणारी मागच्या चाकांची ओढ, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणं, तिने सोडलं नाही. एन३००मध्येही तीच रचना आहे.

हीच होंगग्वांग मे २०१३ मध्ये शेवरोले एन्जॉय म्हणून भारतात आली. गुजरातमधल्या हालोलला ती बनायची, ७ किंवा ८ आसनांची. पेट्रोल इंजिन १.४ लिटरचं. १.३ लिटरचं डिझेल तर मूळ फियाटचं, स्विफ्ट डिझेलच्या घराण्यातलं. २०१७ मध्ये जीएमने भारतातली विक्री थांबवली, पण टॅक्सीच्या धंद्यात एन्जॉय अजून दिसते.

ती सांभाळणाऱ्यांनी ऑनलाइन सुटे भाग शोधताना शेवरोलेच्या नावावर विसंबू नये. एन३००चं दार, काच किंवा बंपर एन्जॉयला बसणार नाही. एन्जॉयची जवळची बहीण इंडोनेशियातली वूलिंग कॉन्फेरो आहे. बॉडीचा भाग हवा असेल तर त्या नावानेही शोधा, आणि पैसे भरण्याआधी पार्ट नंबर जुळवून घ्या.