हॉलमधला उजेड आणि धावता खेळाडू: ऑटोफोकसची पार्श्वभूमी

जिल्हा पातळीवरची कबड्डी स्पर्धा संपल्यावर हॉलच्या पायऱ्यांवर बसून फोटो चाळताना एक प्रकार हमखास दिसतो. चढाईपटू हवेत आहे, बचावपटूचा हात त्याच्या घोट्यावर पडलाय, क्षण अगदी नेमका सापडलाय. आणि शार्प काय आलंय, तर मागच्या भिंतीवरचा प्रायोजकाचा फलक. मग प्रश्न येतोच: अंधारात फोकस नीट लागेल असा कॅमेरा कुठला घेऊ?

माझ्या मते गफलत या प्रश्नातच आहे. डोळ्यांना मंद वाटला तरी हॉलमध्ये अंधार नसतो. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ‘उणे ६ ईव्हीपर्यंत ऑटोफोकस’ असं ठळक छापलेलं असतं. ईव्ही हे उजेड मोजण्याचं माप. ६४०० आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), एफ २.८ (लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर; आकडा लहान तितकं ते मोठं) आणि १/५०० सेकंद (शटर उघडं राहण्याचा वेळ) एवढ्यावर फोटो नीट उजळत असेल, तर त्या हॉलचा उजेड साधारण अधिक ६ ईव्ही असतो. ईव्हीची एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट. बारा पायऱ्यांचा फरक म्हणजे ४,०९६ पट. म्हणजे माहितीपत्रकातल्या काळोखाच्या चार हजार पट उजेडात आपण उभे असतो आणि तरीही फोकस चुकतो. अडचण आहे ती माणूस धावतोय याची, आणि उजेड कमी म्हणून लेन्स पूर्ण उघडी ठेवावी लागते याची. ऑटोफोकसचा इतिहास बघितला की हे स्वच्छ कळतं.

हाताने फोकस करण्याच्या काळात हॉलमधल्या छायाचित्रकाराची पद्धत एकच होती: जागा आधी ठरवायची, तिथे फोकस लावून ठेवायचा आणि खेळाडूची वाट बघायची. बास्केटबॉलला रिंगखालची जागा, बॅडमिंटनला नेटजवळची. ४०० स्पीडची कृष्णधवल फिल्म १६०० म्हणून वापरायची आणि डार्करूममध्ये डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून ती ‘पुश’ करायची. फोटोत ज्वारीएवढे दाणे यायचे, पण क्षण मिळायचा. अमेरिकेत मोठ्या बास्केटबॉल सामन्यांसाठी छताला बलाढ्य फ्लॅश बांधण्याची पद्धत रुजली. त्यात उजेडाचा प्रश्न मिटायचा, पण एक फ्लॅश उडाला की पुन्हा भरेपर्यंत थांबावं लागायचं. बॅडमिंटनमध्ये तर ही वाटच बंद. शटलकडे वर बघणाऱ्या खेळाडूच्या डोळ्यांवर फ्लॅश कुणी मारू देत नाही, आणि देऊही नये.

कॅमेऱ्याने स्वतः फोकस लावण्याचं पहिलं प्रात्यक्षिक जर्मनीच्या लाइट्झने १९७६ च्या फोटोकिना प्रदर्शनात दाखवलं. पुढच्याच वर्षी कोनिका सी३५ एएफ बाजारात आला. तो खिशातला साधा कॅमेरा होता. त्यातला फोकसचा भाग अमेरिकेच्या हनीवेलचा. १९८१ मध्ये पेंटॅक्सने आणि १९८३ मध्ये निकॉनने एसएलआरला, म्हणजे लेन्समधलं दृश्य आरशातून डोळ्याला दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला, ऑटोफोकस जोडून पाहिला, पण लेन्सवर मोटारीचा फुगवटा आणि वेग बेताचा. खेळाच्या मैदानावर त्यांचा उपयोग नव्हता. खरं वळण आलं १९८५ मध्ये, मिनोल्टा ७००० ने. मोटार बॉडीत, लेन्स नेहमीसारख्या सुटसुटीत, आणि फोकस खरोखर कामाचा. या यशाची किंमतही जबर होती: पेटंटभंगाच्या खटल्यात १९९२ साली मिनोल्टा हनीवेलसमोर हरली आणि १२ कोटी डॉलरहून अधिक रकमेवर तडजोड करावी लागली.

या कॅमेऱ्यांमागचं तत्त्व समजून घेण्यासारखं आहे, कारण निवड अजूनही त्यावरच ठरते. लेन्सच्या दोन कडांमधून येणाऱ्या प्रकाशाच्या दोन वेगळ्या प्रतिमा फोकसच्या सेन्सरवर पाडायच्या. त्या एकमेकींशी जुळल्या तर फोकस बरोबर. सरकलेल्या असल्या तर किती आणि कोणत्या बाजूला, हे एका मोजणीत कळतं. याला फेज डिटेक्शन म्हणतात. दुसरी पद्धत कॉन्ट्रास्टची, म्हणजे प्रतिमा सगळ्यात ठसठशीत कुठे दिसते ते शोधण्याची. तिला दिशा कळत नाही, त्यामुळे लेन्स पुढे-मागे चाचपडत बसते. टेबलावरच्या फुलदाणीला ते चालतं. चढाई करून परतणाऱ्या खेळाडूला नाही.

मिनोल्टा ७००० ला मधोमध फोकस मोजणारा एकच बिंदू होता आणि त्याला उभ्या रेषाच नीट दिसायच्या. आडव्या पट्ट्यांची जर्सी समोर आली की तो गोंधळायचा. क्रॉस प्रकारचे बिंदू, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा ओळखणारे, यावर उपाय म्हणून आले. कॅननच्या १९८९ च्या ईओएस-१ मध्ये मधला बिंदू असा होता, पण त्याची एक दिशा एफ २.८ किंवा त्याहून मोठ्या लेन्सलाच चालायची. दोन प्रतिमा लेन्सच्या जितक्या दूरच्या कडांवरून घ्याव्यात, तितकी मोजणी अचूक. मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स नुसता फोटोच उजळ करत नाही, फोकसचा अंदाजही पक्का करते. शिवाय मोजणीसाठी सेन्सरवर पुरेसा प्रकाश साठावा लागतो. प्रकाश कमी असेल तर प्रत्येक मोजणीला वेळ जास्त, म्हणजे सेकंदाला मोजण्या कमी. हॉलमध्ये कॅमेरा ‘ढिला’ वाटतो तो यामुळे.

कॅननने १९८७ मध्ये जे केलं ते धाडसाचं होतं. जुना माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणारा सांधा, टाकून नवा, पूर्ण विजेवर चालणारा ईएफ माउंट आणला आणि मोटार लेन्समध्ये बसवली. आयुष्यभर जमवलेल्या लेन्स एका दिवसात नव्या बॉडीला निरुपयोगी झाल्या, म्हणून व्यावसायिक छायाचित्रकार संतापले. तो संताप रास्तच होता. पण त्याच वर्षी आलेल्या ३०० मिमी एफ २.८ लेन्सची अल्ट्रासॉनिक मोटार इतकी झटपट आणि शांत होती की पुढच्या दशकात मैदानाच्या कडेला पांढऱ्या लेन्सची रांगच दिसू लागली. निकॉनने १९५९ चा आपला माउंट सोडला नाही. जुने ग्राहक खूश राहिले, पण व्यावसायिक लेन्समध्ये मोटार यायला १९९२ उजाडलं.

आता धावत्या खेळाडूचं गणित. २०० मिमी लेन्स, एफ २.८, खेळाडू १० मीटरवर. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) शार्प येणारा पट्टा साधारण ४० सेंटीमीटरचा, म्हणजे मागे-पुढे जेमतेम वीतभर. खेळाडू सेकंदाला ५ मीटर वेगाने आपल्याकडे येतोय. बटण दाबल्यावर आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंत एक विसांश सेकंद धरला, तर तेवढ्यात तो २५ सेंटीमीटर पुढे आलेला असतो. म्हणजे कॅमेऱ्याने अंतर अचूक मोजलं तरी फोटो चुकणार! आरसा वर गेला की फोकसच्या सेन्सरला काहीच दिसत नाही. म्हणून १९८८-८९ च्या सुमारास मिनोल्टा, निकॉन आणि कॅनन यांनी अंदाज बांधणारा ऑटोफोकस आणला: आधीच्या मोजण्यांवरून वेग काढायचा आणि शटर उघडेल त्या क्षणी खेळाडू कुठे असेल तिथे लेन्स नेऊन ठेवायची. मला या साऱ्या प्रवासातली ही सगळ्यात सुंदर कल्पना वाटते. खेळपट्टीवरचा फलंदाजही चेंडू आत्ता कुठे आहे यावर बॅट फिरवत नाही.

उजेडाची कोंडी मात्र फोडली ती डिजिटल सेन्सरने. ७ ईव्हीच्या हॉलमध्ये १६०० च्या फिल्मवर, एफ २.८ ला, १/२५० सेकंद मिळायचा. धावणाऱ्याचं धड शार्प, हात-पाय पुसट. निकॉनचा डी३ २००७ मध्ये ६४०० आयएसओ घेऊन आला आणि २००९ चा डी३एस १२८०० घेऊन. त्याच हॉलमध्ये, त्याच लेन्सवर, एकदम १/२०००. फोकस चुकला की हात हलला, हा वर्षानुवर्षांचा वाद त्या दिवशी मिटला. आता अस्पष्ट फोटो आला तर तो फोकसचाच दोष, हे लपवता येईना.

पुढचा टप्पा आरसाच काढून टाकण्याचा. फोकसचे बिंदू थेट मुख्य सेन्सरवर बसू लागले. फूजीफिल्मने २०१० मध्ये छोट्या कॅमेऱ्यात सुरुवात केली, कॅननने २०१३ मध्ये जवळपास प्रत्येक पिक्सेल दोन भागांत वाटून मोजणी केली. २०१७ च्या सोनी ए९ मध्ये ६९३ बिंदू, सेकंदाला २० फोटो आणि मध्ये बघण्याचा स्क्रीन काळा होणं नाही. एक विसांश सेकंदाचं ते आंधळेपण संपलं.

पण जुन्या दुखण्याच्या जागी नवं आलं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे हॉलचे जुने दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. १/१००० ला एक फोटो पिवळट-काळा, पुढचा लख्ख. कॅननने २०१४ च्या ७डी मार्क २ मध्ये दिव्याच्या शिखरावरच शटर उघडण्याची सोय दिली. एलईडी दिव्यांची लुकलुक त्याहून वेगवान. एका हॉलमध्ये मी आवाज नको म्हणून पूर्ण सामना इलेक्ट्रॉनिक शटरवर टिपला. घरी बघितलं तर प्रत्येक चेहऱ्यावर आडवे पट्टे. फोकस एकूणएक फोटोत अचूक होता, आणि एकही फोटो देण्याजोगा नव्हता. आता दिवे लागल्याबरोबर दहा-बारा फोटो इलेक्ट्रॉनिक आणि यांत्रिक अशा दोन्ही शटरवर काढून बघितल्याशिवाय मी जागा घेत नाही.

म्हणून पैसे मोजके असतील तर माझं मत ठाम आहे: आधी लेन्स. कॅमेऱ्याबरोबर किटमध्ये मिळणाऱ्या झूम लेन्सचं टोक एफ ५.६ ला जातं, म्हणजे एफ २.८ च्या एक चतुर्थांश प्रकाश. १/५०० चा १/१२५ होतो आणि फोकसची मोजणीही मंदावते. बॅडमिंटनला बेसलाइनच्या मागून ८५ मिमी एफ १.८ उत्तम आणि तुलनेने परवडणारी. कबड्डीला ७०-२०० एफ २.८, जुनी मिळाली तरी चालेल. बॉडी दहा वर्षांपूर्वीची व्यावसायिक असली तरी तिच्यात वेगवान खेळासाठी केलेलं काम आजच्या स्वस्त नव्या बॉडीपेक्षा पुष्कळदा सरस ठरतं. बॅडमिंटनला नेटच्या पलीकडचा खेळाडू टिपताना ऑटोफोकस जाळीवर अडकतो, तेव्हा एकच छोटा बिंदू निवडून तो टेपच्या वर खेळाडूच्या चेहऱ्यावर धरावा.

ताज्या कॅमेऱ्यांमध्ये माणूस, डोळा, हेल्मेट ओळखण्याचं शिक्षण दिलेलं असतं. कॅननच्या २०२४ च्या आर१ मध्ये तर फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल या तीन खेळांतली निर्णायक हालचाल ओळखून फोकस त्या खेळाडूवर नेण्याची सोय आहे. कबड्डी त्या यादीत नाही. साखळी आवळली, सात जण एकावर पडले की कॅमेऱ्याला सात-आठ चेहरे एकदम दिसतात आणि तो सगळ्यात जवळचा धरतो. चढाईपटूचा चेहरा त्या ढिगाच्या तळाशी असतो, बोटं मध्यरेषेकडे ताणलेली. तिथे अजूनही बिंदू अंगठ्यानेच सरकवावा लागतो.