बेस गिटार ऐकूच येत नाही?

‘रॉक बँडमधला बेसवाला काढून टाका, कुणाला कळणारही नाही’, हा विनोद वर्षानुवर्षे फिरतो आहे. तसं वाटणं साहजिकच, कारण गाणी आपण बहुधा मोबाइलवर ऐकतो. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सुमारे 41 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 41 कंपनांवर, वाजते. साध्या गिटारची 82 वर, म्हणजे एक सप्तक वर. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला एवढा खर्ज झेपत नाही. मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे उपस्वर तेवढे पोचतात आणि त्यांवरून मेंदू मूळ स्वर भरून काढतो.

1970च्या दशकातला जर्मन रॉक घ्या. तिथल्या कितीतरी रचनांत ड्रमचा ठेका न थांबता तसाच धावतो, सूर क्वचितच बदलतात. मग गाणं पुढे कोण नेतं? बरेचदा बेसची तीच ती छोटी ओळ. दिसायला सोपी, पण दहा मिनिटं लय तसूभरही न हलवता वाजवून बघा!

पडताळायचं तर चांगला हेडफोन लावा आणि इक्वलायझरमध्ये (खर्ज-तार आवाज वेगवेगळे कमीजास्त करायची सोय) 250 हर्ट्झखालचे पट्टे पार उतरवा. ड्रमचा खर्जही थोडा जाईल, हे धरून चाला. गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटेल. आता पट्टे हळूहळू वर करा. जे परत येतं, त्यात बेसवाला आहे.