स्लॉट बाराचा, किट तीन सुताचे : छोट्या मिलिंग मशीनवर जॉब धरण्याच्या साधनांची पार्श्वभूमी

छंदासाठी छोटे मिलिंग मशीन घेतले की लगेच जॉब (ज्यावर काम करायचे तो तुकडा) धरण्यासाठी व्हाइस, म्हणजे शिकंजा, आणि तो टेबलाला आवळण्याच्या सुट्या भागांचे क्लॅम्पिंग किट यांची शोधाशोध सुरू होते. मशीनच्या माहितीपत्रकात मोटरची ताकद असते, हत्यार फिरवणाऱ्या स्पिंडलचा टेपर असतो, तिन्ही अक्षांचा प्रवास असतो. टेबलाच्या टी-स्लॉटबद्दल, म्हणजे वर अरुंद आणि आत रुंद अशा उलट्या टी आकाराच्या खाचेबद्दल, फार तर एक आकडा असतो, आणि नेमका तोच अपुरा पडतो: आणलेले किट टेबलात बसतच नाही. हा घोळ आजच्या स्वस्त मशीनांनी घातला असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे.

टेबलात टी-स्लॉट पाडण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातल्या प्लेनर आणि मिलिंग मशीनपासूनची. तेव्हा प्रत्येक कारखाना आपल्या स्लॉटला बसतील असे बोल्ट स्वतःच घडवी, त्यामुळे कोणाचे काही अडत नव्हते. आट्यांचे मात्र प्रमाणीकरण लवकर झाले आणि तेही दोन वाटांनी: ब्रिटनमध्ये १८४१ साली ५५ अंशांचा आटा सुचवला गेला, अमेरिकेत १८६४ साली ६० अंशांचा. ३/८ इंच व्यासाला दोन्हीकडे इंचाला १६ आटे, पण १/२ इंच व्यासाला ब्रिटनमध्ये १२ आणि अमेरिकेत १३. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांचा समझोता व्हायला १९४८ उजाडले. जुन्या ब्रिटिश मशीनबरोबर आलेला अर्ध्या इंचाचा स्टड (आटे पाडलेला दांडा) नव्या नटात दोन-तीन फेरे जाऊन अडकतो, तो यामुळेच.

छंदवाल्यांचा या बाजाराशी बराच काळ संबंधच नव्हता. मॉडेल इंजिनिअरिंगचे नियतकालिक ब्रिटनमध्ये १८९८ साली निघाले, पण त्यानंतरची कित्येक वर्षे घरच्या वर्कशॉपमध्ये मिलिंग म्हणजे लेथवर व्हर्टिकल स्लाइड (जॉब वर-खाली सरकवणारे जोडसाधन) लावून केलेले काम. पट्टी क्लॅम्प, अँगल प्लेट आणि टी-नट (टी-स्लॉटमध्ये सरकणारा, स्टड धरणारा नट) हे सगळे घरीच बनायचे. विकतच काही घ्यायचे नसल्यामुळे माप चुकण्याचा प्रश्न नव्हता.

मोठ्या मशीनकडे बघून छोट्याची खरेदी करण्याची सवय लावली ती १९३८ साली अमेरिकेत आलेल्या एका टरेट मिलने, म्हणजे डोके फिरवता-सरकवता येणाऱ्या मोठ्या उभ्या मिलिंग मशीनने. नऊ इंच रुंदीचे टेबल, ५/८ इंचाचे स्लॉट आणि त्यावर सहा इंची व्हाइस ही जोडी पुढे इतकी रुळली की आजही ‘नीट मिलिंग’ म्हटले की डोळ्यांसमोर तेच चित्र येते. मग १९८०च्या दशकात तैवानी मिल-ड्रिल, म्हणजे मिलिंग आणि ड्रिलिंग दोन्ही करणारे मशीन, घरोघरच्या वर्कशॉपमध्ये शिरले. त्याचा कॉलम, म्हणजे डोके धरणारा खांब, गोल होता. डोके वर-खाली केले की स्पिंडल आडव्या दिशेतही फिरे आणि धरलेला शून्य बिंदू जाई. लांब ड्रिल चक बसवताना डोके उचलावे लागू नये म्हणून जॉब शक्यतो टेबलालगत धरायचा, ही शिस्त त्या मशीनने लावली. उंच व्हाइस टाळा हा सल्ला त्या काळातला आहे. कॉलम चौकोनी किंवा डव्हटेलचा (तिरक्या कडांच्या सरकपट्टीचा) झाला तरी तो खरा राहिला, कारण नव्या मशीनमध्ये मुळात उंचीच कमी आहे.

खरा गुंता २०००च्या आसपास छोटी चिनी मशीन जगभर गेली तेव्हापासूनचा. बीडाचे ओतकाम मेट्रिक नकाशावर, स्लॉट १२ मिमीचे. अमेरिकी ग्राहकासाठी लीडस्क्रू (टेबल सरकवणारा स्क्रू) आणि डायल इंचात बदलले गेले, टेबल मात्र तेच राहिले. तिथली क्लॅम्पिंग किट १/२ इंच, म्हणजे १२.७ मिमी स्लॉटसाठी बनत होती, आणि त्यांचे टी-नट १२ मिमीच्या फटीत जात नाहीत. त्याखालचे माप ७/१६ इंच, म्हणजे ११.१ मिमी. ते जाते, जरा सैल बसते, आणि क्लॅम्पसाठी तेवढे पुरते.

इथपर्यंत फक्त मापाचा फरक आहे. गोंधळ घातला तो किटच्या नावाने. ५८ नगांच्या नेहमीच्या किटमध्ये २४ स्टड, १२ स्टेप ब्लॉक (क्लॅम्पला मागून टेकू देणारे पायऱ्यांचे ठोकळे), ६ स्टेप क्लॅम्प, ६ टी-नट, ६ फ्लँज नट आणि ४ जोडनट असतात. या ५८ पैकी टेबलाच्या मापाशी बांधलेले नग सहाच, ते म्हणजे टी-नट. बाकी सगळे स्टडच्या मापाशी बांधलेले. त्यामुळे विक्रेत्यांनी किटला स्टडचे नाव दिले: ‘३/८ किट’, आपल्या वर्कशॉपच्या बोलीत तीन सुताचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पण हाच ३/८ स्टड ७/१६, १/२ आणि ९/१६ अशा तिन्ही स्लॉटांच्या टी-नटांबरोबर विकला जातो. काहींनी त्याच जागी स्लॉटचे माप छापले. म्हणजे डब्यावर एकटाच १/२ दिसला तर तो स्टड आहे की स्लॉट, हे डबा उघडल्याशिवाय कळत नाही. कारखान्याच्या स्टोअरला याने फरक पडला नाही, त्यांच्याकडे सुटे टी-नट होतेच. फटका बसला तो एकच मशीन असलेल्याला, आणि माझ्या मते नाव ठेवण्याचा हा निर्णय निव्वळ विक्रेत्याच्या सोयीचा होता.

जर्मन मानक क्रमांक ५०८ने हे जास्त शहाणपणाने सोडवले होते. तिथे टी-नट ‘एम८ × १०’ असा लिहितात: आधी आटा (एम८ म्हणजे ८ मिमीचा मेट्रिक आटा), मग स्लॉटची रुंदी. एम६ला ८, एम८ला १०, एम१०ला १२, एम१२ला १४. या मापांत स्टड स्लॉटपेक्षा दोन मिमीने बारीक, हे सूत्र लक्षात राहते. तरी तळाची रुंदी आणि उंची नावात येत नाहीतच. मानकाप्रमाणे एम१० × १२ नटाचा तळ १८ मिमी रुंद आणि ७ मिमी जाड असतो. स्वस्त मशीनचा स्लॉट वरून बरोबर १२ असला तरी आतली पोकळी उथळ निघू शकते. म्हणून कॅलिपरने तीन मापे घ्यावीत: वरची फट, आतली रुंदी आणि आतली उंची. नट मऊ पोलादाचा असेल तर कानशीने किंवा त्याच मशीनवर उतरवता येतो, कडक केलेला असेल तर नाही.

आणखी एक जुनी खबरदारी स्वस्त किटमध्ये कधी कधी गळते. टी-नटाचा खालचा शेवटचा आटा मुद्दाम दाबून बिघडवलेला असतो, म्हणजे स्टड आरपार जात नाही. तो गेला तर स्लॉटच्या तळावर टेकतो, वरून नट आवळला की टी-नट वर उचलला जातो आणि स्लॉटच्या बीडाच्या ओठाचा, म्हणजे वरच्या कडेचा, तुकडा निघतो. पोलादी वाटणारे टेबल तिथे किती नाजूक आहे हे तेव्हाच कळते. नवा टी-नट आला की आधी खालून पाहावे.

व्हाइसचा इतिहास त्यामानाने सरळ आहे. ड्रिलिंगची व्हाइस आवळताना हलता जबडा किंचित वर उचलते आणि जॉबही उचलला जातो. त्यावर तोडगा म्हणून आवळण्याचा काही जोर तिरका खाली वळवणाऱ्या मिलिंग व्हाइस आल्या. छोट्या टेबलावर त्यांची अडचण आकाराची. ‘चार इंची’ हे जबड्याच्या रुंदीचे माप, बाकी पसारा त्यात धरलेला नसतो. टेबल जेमतेम ९० मिमी रुंद असले तर मागे आलेले बूड कॉलमला लागते आणि आडवा प्रवास फुकट जातो. खाली फिरता बेस असेल तर तो काढून ठेवलेलाच बरा, उंची आणि लवचीकपणा दोन्ही कमी होतात.

यातून छंदवाले वळले ते सरफेस ग्राइंडरसाठी (पृष्ठभाग घासून सपाट करणाऱ्या मशीनसाठी) बनलेल्या टूलमेकर व्हाइसकडे. ती बुटकी, सर्व बाजूंनी ग्राइंड केलेली असते. बाहेर निघणारे कान नसल्यामुळे बाजूच्या खोबणीत क्लॅम्प लावून धरता येते. जबडा सरकवायला लांब स्क्रू नाही, खालचा पिन एका खाचेतून दुसऱ्या खाचेत टाकावा लागतो, हे कंटाळवाणे खरे.

गेल्या काही वर्षांत सीएनसीवाल्यांनी (संगणकाने चालणारे मशीन वापरणाऱ्यांनी) स्लॉटच झाकून टाकायला सुरुवात केली आहे. टेबलावर ॲल्युमिनियमची जाड प्लेट, तिला सारख्या अंतरावर एम६ किंवा एम८ आटे पाडलेली भोके, आणि बाजूने दाबणारे बुटके क्लॅम्प. पातळ पत्रा तर चिकटपट्टी आणि सुपरग्लूवरच धरतात. प्लेटने उंची पंधरा-वीस मिमी खाल्ली तरी स्टडच्या मापाची कटकट जाते. अर्थात ती प्लेट टेबलाला बांधायला चार-सहा टी-नट लागतातच, आणि ते घेताना आधी स्लॉट मोजावा लागतो.