इलोइलोचा प्रयोग आणि आपलं ‘सेमी’

खालचं वाक्य जरा मोठ्यानं वाचा.

मरद केळगे हसु मलगिदे.

अडखळलात? बहुधा नाही. अक्षरं ओळखीची आहेत, जोडाक्षर एकही नाही, दुसरीतलं पोरही हे धडाधड वाचेल. आता सांगा, वाक्यात काय चाललंय? कुणाला मर्द दिसला असेल, कुणाला केळं, कुणाला हसू. प्रत्यक्षात झाडाखाली गाय पहुडली आहे. वाक्य कन्नड आहे, फक्त देवनागरीत लिहिलेलं. मर म्हणजे झाड आणि हसु म्हणजे गाय.

शाळेतली पहिली दोन-तीन वर्षं नेमकी याच अवस्थेत काढणारी मुलं जगात कोट्यवधी आहेत. बाईंनी फळ्यावर लिहिलेलं ती वाचतात, वहीत उतरवून घेतात, सगळ्यांबरोबर सुरात म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, वर्ग छान चाललाय.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोघा संशोधकांनी १९८६ साली हे एका साध्या सूत्रात मांडलं. वाचून कळणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ती भाषा ऐकून समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. बेरीज असती तर एका बाजूची उणीव दुसरीनं भरून काढली असती. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. तुमचं कन्नड वाक्याचं झालं ते हेच.

पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. भाषा येत नसेल तर अक्षरं उलगडणंही अवघड जातं. आपल्याला डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवता येतात, आणि नवशिक्या वाचकाची ती सगळी जागा अक्षरं जुळवण्यात जाते. ‘का’, मग ‘ग’, इथवर आलं की घरी मराठी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडून ‘कागद’ आपसूक बाहेर पडतं. शब्द आधीच डोक्यात बसलेला असतो, अक्षरं त्याला नुसती हाक मारतात. ज्या घरात हा शब्द कधी उच्चारलाच गेला नाही, तिथल्या मुलाला ‘द’पर्यंत चालतच जावं लागतं, आणि पोचल्यावरही हाती काही लागत नाही. वाक्याच्या शेवटाला येईतो सुरुवात विसरलेली असते.

त्यात इंग्रजीसारखी भाषा असेल तर आणखी पंचाईत, कारण तिथे स्पेलिंग आणि उच्चार यांचं फारसं सख्य नाही. युरोपातल्या तेरा भाषांमधल्या नवशिक्या वाचकांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. फिनिश, ग्रीक, जर्मन मुलं पहिलीच्या अखेरीस नेहमीचे शब्द जवळजवळ सगळे बरोबर वाचत होती. स्कॉटलंडमधली इंग्रजी वाचणारी मुलं शंभरातले चौतीस. आणि या मुलांची घरची भाषा इंग्रजीच होती!

हे सगळं कुणी प्रत्यक्ष वर्गात तपासून पाहिलंय का? पाहिलंय, आणि तेही पंचाहत्तर वर्षांपूर्वी, फिलिपिन्समध्ये.

साडेसात हजारांहून जास्त बेटांच्या या देशात दीडशेच्या वर भाषा बोलल्या जातात. १८९८ साली स्पेनकडून तो अमेरिकेच्या ताब्यात गेला. तीन वर्षांनी ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले, आणि गावोगावच्या शाळा इंग्रजीत सुरू झाल्या. १९२५ साली पॉल मन्रो यांच्या आयोगानं हजारो मुलांच्या चाचण्या घेतल्या तेव्हा दिसलं, की जिथे इंग्रजीवर भिस्त तिथे मुलं अमेरिकेतल्या मुलांच्या खूप मागे, आणि जिथे भाषेचं काम कमी तिथे अंतरही कमी. आयोगानं परक्या भाषेची अडचण मान्य केली आणि शिफारस मात्र इंग्रजीच चालू ठेवण्याची केली. समित्यांचं हे वागणं आपल्याला काही नवीन नाही.

मग आले होसे आगिलार. पनाय बेटावरच्या इलोइलो प्रांताचे ते शिक्षणाधिकारी होते. १९४८ साली त्यांनी काही शाळांत पहिली-दुसरी इंग्रजीऐवजी हिलिगायनॉन या तिथल्या बोलीत शिकवायला घेतली आणि तुलनेसाठी तशाच काही शाळा इंग्रजीत चालू ठेवल्या. तिसरीपासून सगळ्यांना इंग्रजी. दोन वर्षांनंतर हिलिगायनॉनवाली मुलं वाचनात, गणितात, समाजशास्त्रात पुढे होती. यात फारसं नवल नाही. नवल पुढे आहे. तिसरीत इंग्रजी सुरू झाल्यावर साधारण सहा महिन्यांत ती इंग्रजीतही दुसऱ्या गटाच्या बरोबरीला आली. ज्यांनी दोन वर्षं इंग्रजीत काढली त्यांना त्या दोन वर्षांचा म्हणावा तसा फायदा झालाच नव्हता.

असं का होतं? वाचायला माणूस आयुष्यात एकदाच शिकतो. खुणांमधून आवाज निघतो, आवाजातून अर्थ निघतो, हे एका भाषेत उमगलं की दुसऱ्या भाषेत फक्त नव्या खुणा आणि नवे शब्द शिकायचे उरतात. मराठी वाचता येणाऱ्याला हिंदी वाचायला कुणी वेगळं बसवत नाही.

जाता जाता एक गंमत. आगिलारना १९५९ साली सरकारी सेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्याच विभागातला दुसरा मानकरी होता आपला रायगडचा माणूस, चिंतामणराव देशमुख.

इलोइलोचा धडा घेऊन १९५७ मध्ये फिलिपिन्सनं पहिली-दुसरी स्थानिक भाषांत आणली खरी, पण १९७४ साली नवं धोरण आलं. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकीचे विषय टागालोग या मनिलाकडच्या भाषेवर बेतलेल्या राष्ट्रभाषेत. ओळखीचं वाटतंय? हे आपलं ‘सेमी’च. महाराष्ट्रात ज्याला सेमी इंग्लिश म्हणतात तोच तोडगा, फक्त तिथे तो अख्ख्या देशाला लावला. वरवर पाहता तो मोठा समंजस आहे. पोटापाण्याची भाषाही आली, अभिमानाची भाषाही राहिली. पण हा हिशेब मनिलातल्या मुलाला समोर ठेवून केलेला आहे. त्याला निदान अर्धी शाळा स्वतःच्या भाषेत मिळाली. इलोइलोतल्या पोराला दोन्ही भाषा परक्याच. आपल्याकडे सेमीवर वाद घालताना मराठी विरुद्ध इंग्रजी एवढंच चित्र डोळ्यांपुढे असतं. मेळघाटातल्या कोरकू मुलाला, नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या मुलीला तो वाद दोन पाहुण्यांमधला वाटत असणार.

आता नेहमीचा प्रश्न येतोच. मग कॉन्व्हेंटमधली मुलं कशी शिकतात? प्रश्न रास्त आहे, आणि मातृभाषेचे कैवारी तो बऱ्याचदा टाळतात. १९६५ साली कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट या उपनगरात इंग्रजीभाषक पालकांनी आग्रह धरून मुलांना बालवर्गापासून थेट फ्रेंचमध्ये घातलं. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. मुलांचं फ्रेंच उत्तम झालं, इंग्रजी बिघडलं नाही, गणितातही ती मागे पडली नाहीत.

पण त्या वर्गात काय काय होतं ते पाहा. शिक्षकांना मुलांची भाषा कळत होती, सुरुवातीला पोरं इंग्रजीत उत्तर देऊ शकत होती. सगळेच फ्रेंचमध्ये सारखेच कच्चे होते, त्यामुळे लाजायचं कारण नव्हतं. दुसरीपासून इंग्रजी वाचनही शिकवलं गेलं. शिवाय घरात, दुकानात, साऱ्या खंडभर त्यांच्याच भाषेचं राज्य. कोरकू मुलाच्या वाट्याला यातलं एकही येत नाही. मुलाला पोहायला शिकवणं वेगळं आणि विहिरीत ढकलून देणं वेगळं, जरी दोन्हींत मूल पाण्यातच असलं तरी.

कॉन्व्हेंट आणि झेडपीच्या शाळेचे निकाल शेजारी ठेवले की तुलना होते ती घरांची, माध्यमाची नव्हे. हा गुंता सोडवायचा तर शाळा तीच ठेवून भाषा बदललेली पाहायला हवी. दक्षिण आफ्रिकेतल्या आकडेवारीवर असा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पहिली तीन वर्षं घरच्या भाषेत शिकलेली मुलं चौथी ते सहावीत इंग्रजीच्या चाचणीत सरस ठरली. हो, इंग्रजीच्याच. त्याच अभ्यासानं हेही बजावलं, की गरिबी आणि शाळेचा ढिसाळ कारभार यांचा भार भाषेपेक्षा जास्त आहे. माध्यम बदललं की शाळा सुधारली, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दुसरा एक घोटाळा खुद्द शिक्षकांचाच होतो. कोरकू पोरगं वर्ष-दोन वर्षांत बाजारातलं मराठी सफाईनं बोलू लागतं आणि गुरुजी म्हणतात, याला आता मराठी येतं. जिम कमिन्स या अभ्यासकानं १९७९ मध्ये दाखवून दिलं की अंगणातली भाषा आणि पुस्तकातली भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दोनेक वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात लागतात. गणितासारख्या भाषेपासून लांब वाटणाऱ्या विषयातही याचा चटका बसतो. ‘बारापेक्षा पाच कमी’ हे मराठी बोलण्यातल्याच क्रमानं मांडता येतं, आधी बारा, मग वजा पाच. इंग्रजीत तेच ‘फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह’ होतं, आणि सेमीतलं मूल निमूट पाच वजा बारा लिहून मोकळं होतं. बाई त्याला वजाबाकी येत नाही म्हणून पुन्हा वजाबाकी शिकवतात.

फिलिपिन्सकडे परत जाऊ. १९९० च्या दशकाच्या अखेरीस उत्तरेकडच्या कालिंगा प्रांतात लुबुआगनच्या शाळांत इलोइलोसारखाच प्रयोग झाला आणि तसाच निकाल आला. २०१२ पासून देशभर बालवर्ग ते तिसरी घरच्या भाषेत शिकवायचं ठरलं, २०१३ मध्ये तसा कायदा झाला. आधी बारा भाषा, मग एकोणीस. इतका पुरावा हाती घेऊन इतकं मोठं पाऊल उचलणारे देश थोडे.

आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो नियम रद्द करणारा कायदा झाला. राष्ट्राध्यक्षांनी सहीसुद्धा केली नाही. मुदत उलटली आणि विधेयकाचा आपोआप कायदा झाला.

बिघडलं कुठे? प्रत्येक भाषेसाठी चार गोष्टी लागणार होत्या: लेखनाचे नियम, व्याकरण, शब्दकोश आणि मोठ्या चित्रांची गोष्टीची पुस्तकं. हजारो शाळांच्या पाहणीत ही चारही कामं उरकलेल्या शाळा दहा टक्क्यांहूनही कमी भरल्या. शहरातल्या वर्गात तीन-चार भाषांची मुलं एकत्र, बाई पाचव्याच भाषेच्या. गणितात तर वेगळीच अडचण. तिथले लोक घड्याळ आणि पैसे स्पॅनिश वळणाच्या आकड्यांत मोजतात, हिशेब इंग्रजीत करतात. पुस्तकात छापलेले अस्सल देशी संख्याशब्द आईबापांनाच ठाऊक नव्हते. आपल्याला हसायचा अधिकार नाही. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ छापलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक मराठी आकडा पाठच करावा लागतो आणि त्यातही एकक आधी, दशक नंतर. मूल बासष्ट ऐकून २६ लिहितं, ते काही उगीच नाही. भाषा आपली असली म्हणजे ती वर्गासाठी तयारच असते असं नाही. तिच्यावर मेहनत घ्यावी लागते.

पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ चाचणी २०१८ मध्ये झाली तेव्हा फिलिपिन्स वाचनात ७९ देशांत तळाला होता. चाचणी इंग्रजीत होती आणि ती देणाऱ्या शंभरातल्या ९४ मुलांची घरची भाषा वेगळी होती. ही मुलं १९७४ च्या धोरणाच्या छायेत शिकलेली, २०१२ च्या नव्हे. रद्द मात्र २०१२ चं झालं.

आपल्याकडे कागदावर सगळं आहे. राज्यघटनेचं कलम ३५० क प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेची सोय करायला सांगतं. शिक्षणहक्क कायदा ‘व्यवहार्य असेल तिथवर’ म्हणतो, २०२० चं धोरण ‘शक्य असेल तिथे’ म्हणतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये माध्यम निवडायचा हक्क पालकांचा ठरवला, सरकारला मातृभाषा लादता येणार नाही म्हणून. आणि पालक इंग्रजी निवडतात. त्यांना नावं ठेवणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठे शिकतात हे एकदा विचारून पाहावं. मुद्दा असा की निवडायला समोर काही असावं लागतं. २०११ च्या जनगणनेत छाननीनंतर १,३६९ मातृभाषा उरल्या. बालभारतीची पुस्तकं आठ माध्यमांत निघतात, ही खरोखर मोठी गोष्ट आहे, पण त्या आठांत सिंधी आहे, कन्नड आहे, तेलुगू आहे, गोंडी नाही. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर पुढे ती अनधिकृत ठरवणारी नोटीस आली.

परवा एका सेमीच्या वर्गाबाहेर थोडा वेळ उभा होतो. वेळापत्रकाप्रमाणे तास गणिताचा, म्हणजे इंग्रजीतला. सर सांगत होते, “ट्रँगलचा एरिया काढायचाय ना, मग बेस इनटू हाइट घ्या आणि अर्धं करा. कळलं का रे?” फळ्यावर सगळं इंग्रजीत, वह्यांत इंग्रजीत. मग मध्येच एक वजाबाकी आली. सर फळ्याकडे वळले आणि खडू हातात धरून स्वतःशीच पुटपुटले, “सत्तेचाळीसातनं एकोणीस गेले… अठ्ठावीस.”